जेवणाआधीचं नाटक

शरयू दामले यांच्यावर दोनशे शब्द हवेत, असा निरोप आमच्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक सचिवाकडून आला. स्मरणिकेत अर्धं पान राखून ठेवलं होतं. सोबत सूचना होती : ‘लाइट ठेवा, काकूंची फनी साइड येऊ द्या.’ मी दोनशे शब्द दिले, ते छापून आले. त्यात जे बसलं नाही ते इथे आहे. ते फारसं लाइट नाही.

शरयूकाकू मंडळासाठी दर वर्षी एक विनोदी नाटक लिहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली, रक्ताचे नमुने तपासण्यात. नाटक हा शनिवार-रविवारचा उद्योग. निवृत्तीनंतर तो रोजचा झाला आणि दामलेकाका गेल्यावर दिवसभराचा. बाई ठेंगण्या, सडपातळ, केस आखूड कापलेले. बोलताना समोरच्याकडे किंचित वाकून बघायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली काहीतरी हललंय असं वाटल्यासारखं. प्रयोगशाळेची भाषा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. तालमीत प्रसंग फसला की म्हणायच्या, “सॅम्पल खराब आहे, पुन्हा घ्या.” गळ्यात दोरीला अडकवलेला एक छोटा टायमर असायचा. तो वाजला की नटानं वाक्याच्या मध्यावर का होईना, थांबायचं. कोणी कुरकुर केली तर उत्तर ठरलेलं : “पोळ्या गार होतात म्हणून लोक उठणार आहेत. तुम्हीच आधी थांबा, तेवढीच अब्रू राहील.”

हे उत्तर समजायला मंडळाचा गणपती माहीत असायला हवा. आमच्या श्रूजबरी गावात तो शाळेच्या सभागृहात होतो. आरती, मुलांचे नाच, पाहुण्यांचा सत्कार, नाटक आणि मग जेवण, हा क्रम. सभागृह ठरावीक वेळेपर्यंतच मिळतं. रेस्टॉरंटमधून आलेले अॅल्युमिनियमचे ट्रे कॅफेटेरियात मांडले जातात आणि भाजीचा वास दाराच्या फटीतून आत येतो. आधीचे सगळे कार्यक्रम लांबतात. वेळ भरून काढायची ती नाटकातून. पस्तीस मिनिटांचं नाटक ऐन वेळी वीस मिनिटांचं करायला लागणं ही काकूंच्या दृष्टीनं आपत्ती नव्हती, रीत होती. त्या प्रत्येक नाटकात दोन प्रसंग असे लिहून ठेवायच्या की ते उचलून बाजूला ठेवले तरी कोणाला कळू नये.

दुसरा नियम मुलांचा. ज्या घराला आपलं मूल स्टेजवर हवं आहे त्या घराला नाही म्हणायचं नाही. हा नियम मंडळाच्या घटनेत नाही, पण घटनेपेक्षा कडक पाळला जातो. म्हणून काकूंच्या नाटकांत नेहमी विमानतळावरची रांग असायची, नाहीतर लग्न, नाहीतर बर्फाच्या वादळाआधीची दुकानातली गर्दी. लोकांना वाटायचं, काकूंचं निरीक्षण काय दांडगं आहे, इथलं आयुष्य कसं हुबेहूब उतरतं. काकू म्हणायच्या, “पंधरा मुलं उभी करायला दुसरी जागा सांगा, तिथे नाटक नेते.”

निरीक्षण दांडगं होतं हेही खरंच. भारतीय किराणा दुकानात त्या कढीपत्ता निवडत पाऊण तास काढायच्या आणि कढीपत्ता न घेता घरी यायच्या. एका नाटकात त्यांनी एक गृहस्थ घातला होता. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा अशा प्रत्येक पॉटलकला तो फक्त कागदी प्लेट्सचा गठ्ठा घेऊन येतो आणि जाताना उरलेल्या प्लेट्स परत नेतो. हा माणूस सभागृहात तिसऱ्या रांगेत बसला होता. तो सगळ्यात मोठ्यानं हसला. नंतर येऊन काकूंना म्हणाला, “काकू, त्या कुलकर्ण्याला काय पकडलंत! यार, सेम टू सेम!” काकूंनी मान डोलावली. घरी जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “बघा. ह्याच्यासाठी लिहायचं.”

स्वतःच्या विनोदावर त्यांना हसताना कोणी पाहिलेलं नाही. सभागृह हसून लोळत असताना त्या पडद्याच्या कडेला बँकेच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या उभ्या राहायच्या. प्रयोगानंतर लगेच कॅफेटेरियात जाऊन पुऱ्या वाढायला लागायच्या. कौतुक करणाऱ्याच्या हातात ताट असलं की कौतुक आटोपशीर होतं, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांना लिहायचं होतं ते वेगळंच. ते त्यांनी लिहिलंही होतं : ऐतिहासिक एकपात्री. राजे आणि सेनापती त्यात नव्हते. “त्यांच्याकडे कपडेपट लागतो,” असं त्या कारण द्यायच्या. एक होती इथल्याच कापड गिरणीतली मुलगी. एक दीपगृहाचा रखवालदार. एक प्लेगच्या साथीतली सुईण. आणि एक मुंबई बंदरावरचा हमाल. या शेवटच्या एकपात्रीचं नाव ‘बर्फ’. सगळी रखडकथा तिचीच आहे.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवरचा बर्फ हिवाळ्यात करवतीनं कापायचे, भुशात गुंडाळून जहाजात भरायचे आणि चार-चार महिन्यांच्या प्रवासानं मुंबईला पोचवायचे. साहेबांच्या पेल्यात घालायला. काकूंना हे गावच्या लायब्ररीत, निवृत्तीनंतर कळलं. त्या चिडल्या. “आख्खं आयुष्य ह्या बर्फात घसरत नोकरीला गेले,” त्या म्हणाल्या, “आणि हा बर्फ माझ्याआधी आमच्या गिरगावात जाऊन आलाय, हे मला कोणी सांगू नये?”

त्यांनी लिहिलेला हमाल जहाजावरून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून पाठीवर घेतो आणि धक्क्याजवळच्या बर्फघरात पोचवतो. हे काय आहे ते त्याला माहीत नाही. पाठ जळते आणि मग लागेनाशी होते, एवढंच कळतं. घरी बायको तापानं फणफणली आहे. लादीचा एक टवका पडतो. तो लोट्यात घालून, कांबळ्यात दडवून घराकडे निघतो. घर दूर आहे. पोचेपर्यंत लोट्यात पाणी असतं. तो ते बायकोला पाजतो आणि सांगतो की हे समुद्रापलीकडून आलंय, हे मघाशी दगड होतं. ती म्हणते, विहिरीचं तर आहे. शेवटचं दीड पान हा माणूस तिला पटवत राहतो. पटवता येत नाही, कारण पुरावा वितळलेला असतो.

ते दीड पान काकूंना एकदा मराठी माणसांसमोर पूर्ण व्हायला हवं होतं. बाकी कशासाठी त्यांनी मंडळाशी भांडण केलं नाही.

कमिटीपुढे वाचन झालं ते नितीनच्या बेसमेंटमध्ये. नितीन म्हणजे तोच सांस्कृतिक सचिव, मूळ पुण्याचा, एका बँकेच्या आयटी विभागात मॅनेजर, मनानं चांगला. तालमीही त्याच्याकडेच व्हायच्या. दाराशी चपलांचा आणि स्नो बुटांचा ढीग, कोपऱ्यात कोणी न वापरलेली ट्रेडमिल. काकूंनी कागद खाली ठेवले. मग नितीन बोलला.

“काकू, पॉवरफुल आहे. ऑनेस्टली. पण गणपतीला नको यार. लोक आठवडाभर लेऑफच्या टेन्शनमध्ये असतात. शनिवारी रिलॅक्स व्हायला येतात.”

“होऊ देत की. मी त्यांना उभं राहून ऐका म्हणते का?”

“नाही, म्हणजे त्यात दोन-तीन पंचेस टाकता आले तर? तो हमाल थोडा फनी केला तर?”

“त्याची बायको तापानं मरायला टेकलीय, नितीन.”

“हो हो. ती सोडून.”

काकूंनी त्याच्याकडे जरा वाकून पाहिलं आणि कागद पिशवीत घातले.

गणपतीला जमलं नाही, तर दिवाळीला करू असं ठरलं. दिवाळीला सणाचा मूड आहे म्हणून संक्रांत. संक्रांतीला वादळ आलं आणि कार्यक्रमच कॅन्सल झाला. पाडव्याला वर्षाची सुरुवात आजारपणानं कशाला, असं एका काकांनी सुचवलं. उन्हाळ्यात भारतातून गायक येणार होते, त्यांच्या निवेदनासाठी काकूंकडून चुटके लिहून घेतले. पुन्हा गणपती आला. “पुढच्या वर्षी नक्की, काकू. प्रॉमिस.” हे काही वर्षं चाललं. नकार कोणीच दिला नाही. नकार मिळाला असता तर काकूंनी दुसरं दार ठोठावलं असतं. इथे दार कायम अर्धं उघडं होतं आणि त्यात पाय अडकवून त्या उभ्या होत्या. विनोदी नाटकं त्या काळातही वेळेवर येत राहिली. एका वर्षी त्यांनी नाटक द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण मुलांच्या आयांचे फोन यायला लागले : “काकू, आमच्या ईशानला ह्या वर्षी काय आहे?” काकूंनी ईशानला कस्टम्स ऑफिसर केलं.

मग मंदार आला. नागपूरचा, तिशीतला, व्हिसावर. मंडळात आजवर आलेल्या नटांत एकटा असा की तो स्टेजवर काही न करता उभा राहू शकत असे. त्यानं ‘बर्फ’ वाचलं आणि रोज बोस्टनला ड्राइव्ह करताना पाठ केलं. तालमीला आला तो थेट नितीनला म्हणाला, “मी तुमच्या विनोदी नाटकात नवऱ्याचं काम करून देतो. पण आधी काकूंचा हमाल होऊन जाऊ द्या. नाहीतर नवरा शोधा दुसरा.”

“अरे, ब्लॅकमेल करतोस का?”

“करून राहिलो ना.”

दुसरा नवरा मिळण्यासारखा नव्हता. नितीननं होकार दिला. त्या वर्षी विनोदी नाटक छोटं आणि त्याआधी ‘बर्फ’. फक्त एक अडचण राहिली. नाटक छोटं केल्यामुळे विमानतळाची रांग गेली होती आणि मुलं बाहेर पडली होती.

“पंधरा मुलं आहेत, काकू. पेरेंट्सना मी काय सांगू?”

एकपात्रीत पंधरा मुलं कुठे बसवायची, या प्रश्नावर त्या बेसमेंटमध्ये गंभीरपणे चर्चा झाली. कोणी म्हणालं खलाशी करा. कोणी म्हणालं समुद्राच्या लाटा.  मग काकू म्हणाल्या, “बर्फ करा. मागे बसतील. हलायचं नाही, बोलायचं नाही.”

हे त्यांनी का मान्य केलं, हा प्रश्न मंदारनं त्यांना परत जाताना गाडीत विचारला. काकूंचं उत्तर त्यानं नंतर सांगितलं : “इतकी वर्षं कात्रीनं कापून दिलं. आता जोडून देते. होऊन तर जाऊ दे.”

प्रयोगाच्या दिवशी मुलं आली ती पांढऱ्या थर्माकोलच्या खोक्यांत. खोक्यांतून हात आणि डोकी बाहेर. आयांनी रात्री जागून चमकी लावली होती. काकूंनी साधे पांढरे टी-शर्ट सांगितले होते. त्या खोक्यांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “चमकी कोणाची कल्पना?” सगळ्यांनाच ती आपली वाटत होती.

पडदा उघडला तशी टाळी पडली. ती मंदारला नव्हती. पालक रांगा सोडून पुढे आले आणि फोन धरून उभे राहिले. मंदारनं वाट पाहिली. तो पाठीवर लादी घेऊन वाकला तेव्हा मागच्या एका बर्फानं आपल्या आईला हात केला आणि ती ओरडली, “डोंट वेव्ह, सोनू!” सभागृह हसलं. मंदार थांबला नाही. तापानं फणफणलेल्या बायकोचा उल्लेख आला तेव्हा जरा शांतता झाली, आणि त्याच वेळी डाव्या कडेचा बर्फ रडायला लागला. त्याला बाथरूमला जायचं होतं आणि खोकं काढता येत नव्हतं. त्याचे वडील स्टेजवर चढले. तरीही मंदारनं टवका उचलला, लोट्यात घातला, कांबळं पांघरलं आणि तो निघाला. तो स्टेजच्या मध्यापर्यंत आला होता. घर पलीकडच्या कडेला होतं.

तेवढ्यात नितीन माइकवर आला. नाच लांबले होते, सभागृहाचा माणूस घड्याळ दाखवत होता आणि विनोदी नाटक अजून व्हायचं होतं. “वॉव! मंदारसाठी आणि आपल्या लिटिल आइस ब्लॉक्ससाठी एक जोरदार टाळी होऊन जाऊ दे! जेवण ऑलमोस्ट रेडी आहे, पण त्याआधी काकूंची धमाल कॉमेडी!”

मंदार लोटा धरून उभा होता. काकू पडद्याच्या कडेला नेहमीसारख्याच उभ्या होत्या. त्यांनी हातानं त्याला आत यायची खूण केली. पाच मिनिटांनी तो नवरा म्हणून बाहेर आला आणि लोक हसले.

कॅफेटेरियात काकू पुऱ्या वाढत होत्या. एक तरुण आई थांबली. “काकू, बर्फ काय क्यूट होता! दरवर्षी ठेवा हं!” काकूंनी तिच्या ताटात पुरी घातली, मग आणखी एक घातली आणि पुढच्या ताटाकडे वळल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मंदारचं काम शिकागोजवळ शॉमबर्गला गेलं. तो मधून मधून फोन करायचा. हमाल करू शकेल असं कोणी राहिलं नाही.

इंग्रजीचा प्रकार त्यानंतर सुरू झाला. लायब्ररीतल्या बाईंना त्या बर्फाच्या गोष्टीत रस होता. त्यांनी गावच्या इतिहासप्रेमींसमोर काही वाचून दाखवाल का, म्हणून विचारलं. काकूंनी ‘बर्फ’ इंग्रजीत केलं आणि नट नसल्यामुळे स्वतःच उभ्या राहिल्या. डोळ्यांमुळे त्यांनी संध्याकाळी गाडी चालवणं बंद केलं होतं, म्हणून न्यायला-आणायला मी होतो. वीसेक माणसं होती, बहुतेक सत्तरीच्या पुढची. कोणी हललं नाही. दीड पान पूर्ण झालं. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि मग विचारलं की तळं नक्की कोणतं होतं. त्यावर तिथे अर्धा तास आनंदानं वाद झाला.

गाडीत काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

“शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी,” मी म्हटलं.

“हो ना.”

“मग चांगलं झालं की.”

“काय चांगलं? त्यांच्यासाठी लिहिलं होतं का मी?” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “आणि तो इंग्रजी बोलतोय हमाल. माझा मलाच ओळखू येत नव्हता.”

तरी बोलावणी येत राहिली. शेजारच्या गावाची लायब्ररी, वृद्धनिवास, एक शाळा. काकू चिडून जायच्या, पूर्ण करायच्या, चिडून परत यायच्या. इंग्रजीत त्या सुधारत गेल्या. वाक्यं छोटी केली, भावनेचा एक चढ दुसरीकडे हलवला, शेवटच्या दीड पानाचं एक पान केलं. ते इतकं घट्ट बसलं की कागद न्यावा लागेनासा झाला. मंडळाचा गणपती दर वर्षी होत होता आणि विनोदी नाटकही.

मग डोळे आणखी बिघडले आणि दिवसाही गाडी बंद झाली. श्रूजबरीत गाडी बंद म्हणजे बाकी सगळंच बंद. मुलगी मृणाल ओहायोत डब्लिनला असते. तिनं घर विकायला लावलं. मंडळानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला, शाळेच्या त्याच सभागृहात. काकूंच्या नाटकांतले निवडक प्रसंग झाले. पूर्वीचे कस्टम्स ऑफिसर आता कॉलेजात होते, तेही आले. ‘हास्यसम्राज्ञी’ असं कोरलेलं मानचिन्ह दिलं.  नितीन म्हणाला, “काकूंनी आम्हाला हसवलं म्हणून आम्ही इथले विंटर काढले.” हे त्याला मनापासून वाटत होतं, आणि बहुतेक खरंही असावं. मग त्यानं माइक त्यांच्या हातात दिला. “काकू, टेक युवर टाइम. आज नो टायमर.”

काकूंनी मानचिन्ह खुर्चीवर ठेवलं. त्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, पाठ जराशी वाकवली आणि हमालाचं पहिलं वाक्य म्हणाल्या. लोक हसले. म्हातारीची नक्कल आहे असं त्यांना वाटलं. दुसऱ्या वाक्यालाही थोडे हसले. तिसऱ्याला थांबले.

काकू नटी नव्हत्या. आवाज लहान, हात एकाच जागी. पण लिहिलेलं पक्कं होतं. लादी पाठीवर आली, पाठ जळली, लागेनाशी झाली. समोरच्या रांगेतल्या एका माणसानं फोन उचलला होता, तो त्यानं उलटा मांडीवर ठेवला. कॅफेटेरियाचं दार कोणीतरी आतून लोटून घेतलं. नितीन भिंतीशी उभा होता आणि त्याचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. टवका पडला, लोट्यात गेला, हमाल निघाला, रस्ता संपला, तो घरात शिरला. ज्यासाठी इतकी वर्षं गेली ते दीड पान आता सुरू होणार होतं आणि सभागृहातली दोनशे माणसं ते ऐकायला तयार होती.

काकूंनी तोंड उघडलं आणि इंग्रजी वाक्य बाहेर आलं.

त्या थांबल्या. त्यांनी डोळे मिटले आणि मागचं वाक्य पुन्हा घेतलं, मराठीत, रस्ता संपतो ते. पुन्हा पुढे आल्या आणि पुन्हा इंग्रजीच आलं, आधीच्यापेक्षा सफाईदार. त्यांचा चेहरा गोंधळलेला नव्हता. निकाल चुकीचा आला आहे आणि नमुना संपला आहे हे कळलेल्या माणसाचा होता. अर्थ त्यांना माहीत होता, साध्या शब्दांत सांगूनही टाकता आला असता. पण त्यांना ते सांगायचं नव्हतं, करायचं होतं, लिहिलं होतं तसं.

“पुढचं मला आता मराठीत येत नाही,” त्या म्हणाल्या.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मागून एकजण हसला आणि सभागृह फुटलं. वर्षानुवर्षं इथे राहिलेल्या माणसावरचा याहून चांगला विनोद त्यांनी ऐकला नव्हता. लोक उभे राहिले. कोणी शिट्टी वाजवली. नितीन डोळे पुसत हसत होता. काकू हात खाली सोडून टाळ्या संपायची वाट पाहत उभ्या होत्या. टाळ्या संपत नव्हत्या. शेवटी त्यांनी नमस्कार केला.

जेवायला त्या थांबल्या नाहीत. मृणालला उजेडात निघायचं होतं, प्रवास लांबचा होता. नितीन जेवणाचे डबे घेऊन पार्किंगमध्ये धावत आला. मृणाल मागचं दार बंद करत होती. काकू पुढच्या सीटवर पट्टा लावून बसल्या होत्या, काच वर होती. त्यांचे ओठ हलत होते. थांबत होते, मागे जात होते, पुन्हा हलत होते.

“फोनवर आहेत का?” नितीननं विचारलं. “बाय म्हणायचं होतं.”

मृणालनं आत वाकून पाहिलं. “नाही,” ती म्हणाली, “शी इज रनिंग लाइन्स, पाठांतर चाललंय. आता डिस्टर्ब नका करू.”

नितीननं डबे तिच्या हातात दिले. गाडी रिव्हर्समध्ये आली, वळली आणि हायवेच्या दिशेनं गेली. ओठांवर शब्द कोणत्या भाषेतले होते, ते काचेतून कळत नव्हतं.